टिकलीखालचं पाणी

अक्का स्वतः टिकली लावत नसत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, केस घट्ट बांधलेले, गळ्यात पदराआड इष्टलिंग. तरीही दर महिन्याला त्यांना लाल टिकल्यांचं एक पाकीट लागायचं. गोलाईच्या बाजारातल्या दुकानदाराला याचं मोठं कोडं होतं. एकदा मी सोबत असताना त्यानं विचारलंच, "अक्का, घरात कार्य काढलंय का?"

"हाव," अक्का म्हणाल्या. "दहा पाव्हणे येऊन राहिलेत. चार दिवस ऱ्हातील, जेवणार न्हाईत."

दुकानदार हसला नाही. त्यानं पाकीट कागदात बांधून दिलं आणि पाहुण्यांना नमस्कार सांगायला सांगितलं.

पाहुणे म्हणजे मासे. लातूरच्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत आम्ही दोघी कामाला होतो आणि कारखान्यांचं सांडपाणी तपासणं हा आमचा धंदा होता. मी नांदेडला रसायनशास्त्र शिकून नुकतीच आलेली. अक्का मूळच्या उदगीरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख. विभागात त्या आणि मी एवढंच मनुष्यबळ, त्यामुळे त्यांचं सगळं प्रमुखपण माझ्या एकटीच्या वाट्याला यायचं.

पाणी यंत्रावर तपासता येतं. आम्लता किती, क्षार किती, तेलकटपणा किती, सगळं कळतं. पण यंत्राला जेवढं विचारावं तेवढंच ते सांगतं. हे पाणी एकूण जिवाला सोसेल का, हे विचारायचं असेल तर त्यात जीवच सोडावा लागतो. नियम ऐकायला सोपा आहे. कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी जसंच्या तसं टाकीत घ्यायचं, त्यात साधं पाणी मिसळायचं नाही. दहा मासे सोडायचे. शहाण्णव तासांनी, म्हणजे पुरत्या चार दिवसांनी, त्यातले नऊ जिवंत असले पाहिजेत. शेजारच्या टाकीत चांगल्या पाण्यात आणखी दहा मासे ठेवायचे, तुलनेसाठी. या चार दिवसांत खाणं द्यायचं नाही, पाणी बदलायचं नाही, वरून घालायचं तर मुळीच नाही.

दोन्ही टाक्या भरल्या की अक्का पाकिटातल्या दोन टिकल्या काढायच्या आणि काचेवर बाहेरून, पाण्याच्या बरोबर रेघेवर, एकेक चिकटवायच्या. मी म्हणायचे, मार्करनं रेघ मारली तर काय बिघडतं? "मार्कर पुसला जातो," त्या म्हणायच्या. "बाईच्या कपाळाला उन्हात, घामात टिकते ती काचेला टिकंल का न्हाई?" ती खूण कशासाठी हे विचारलं की "लागंल कधीतरी" एवढंच उत्तर. मला तो त्यांचा एक नाद वाटायचा. मोठ्या माणसांचे असतात तसा.

त्यांच्या घरी अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. पहाटे लिंगपूजा केल्याशिवाय त्या पाणी प्यायच्या नाहीत. आणि हीच बाई दिवसभर माशांच्या टाक्यांपुढे बसून, कोणता मासा कलंडला, कोणाचा कल्ला जोरात हलतोय, हे वेळ घालून लिहायची. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "अक्का, वर गेल्यावर हे सगळे मासे तुमच्यासाठी रांग लावून उभे असतील."

"असू दे," त्या म्हणाल्या. "एकेकाला सांगीन, तू गेलास म्हणून कुठलं पाणी थांबलं ते."

त्या बोलल्या ते नुसतं बोलणं नव्हतं. यंत्रावरच पाणी वाईट ठरलं तर त्यात त्या मासे सोडूच देत नसत. "जे कळलंय ते विचारायला जीव कामून घालायचा?" प्रयोगशाळेचे मालक कुरकुरायचे, कारण कागद पूर्ण भरला म्हणजे त्यांना बरं वाटायचं. अक्का ऐकायच्या नाहीत. मेलेले मासे त्यांनी कधी कचऱ्यात टाकू दिले नाहीत. प्रयोगशाळेच्या मागं चुन्याचा एक खड्डा होता, तिथं त्या स्वतः नेऊन पुरायच्या.

मासे आणायचं काम माझं. नांदेडजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मिळायची. पाणी आणि ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या खोक्यात घालून मी एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला यायचे. एका कंडक्टरनं खोक्यात डोकावून विचारलं, "यांचं तिकीट?" मी म्हटलं, उभे आहेत ना, सीट कुठं मागतायत. तो त्या दिवसापासून माझ्या खोक्याला ड्रायव्हरच्या मागची, हादरे न बसणारी जागा द्यायला लागला. लातूरला पोचले की अक्का माझ्याकडे न बघता आधी पिशव्या बघायच्या. मला पाणी विचारायच्या ते नंतर.

अशा चांगल्या चाललेल्या कामात तो तेलाच्या कारखान्याचा नमुना आला.

शहराबाहेर सोयाबीनचं तेल काढणारा एक कारखाना होता. त्याचं सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडत आणि ओढा खालच्या गावाच्या पाझर तलावाला मिळे. त्या उन्हाळ्यात तलावात मासे मरून वर तरंगले. गावानं तक्रार केली. कारखान्यानं पाणी तपासल्याचे कागद पुढं केले; त्यात सगळे आकडे मर्यादेत होते. मग सरकारी नोटीस आली की माशांची चाचणी करून अहवाल द्या. पास झाला तर चालवा, नाही तर कारखाना बंद.

त्या कारखान्यात पाणी शुद्ध करणाऱ्या विभागावर माझा दादा कामाला होता.

दादा आधी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत होता. गावाला पाणी सोडणं, टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाकणं, हे बारा वर्षं केलं त्यानं. मग मुलांच्या शाळेसाठी लातूरला आला आणि पाण्याचा अनुभव म्हणून कारखान्यानं त्याला घेतलं. मी त्याच्याकडेच राहायचे. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यानंच केलं होतं. दोन खोल्यांच्या घरात तो, वैनी, दोन मुलं आणि मी. नमुना आमच्या प्रयोगशाळेत आलाय हे त्याला माहीत होतं. ते मी अक्कांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं तर त्या मला कामावरून बाजूला करतील, आणि मला त्या टाकीवर नजर ठेवायची होती. काय करणार होते नजर ठेवून, कोण जाणे.

मासे सोडले त्या संध्याकाळी जेवताना दादानं विचारलं, "कशे हायत?"

"काय कशे?"

"अगं, मासे तुझे."

"दादा, चाचणी संपल्याशिवाय सांगता येत नसतं."

"बरं बरं. म्या काय नंबर इचारून राहिलो न्हाई. जिते हायत का एवढंच." वैनीनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. तो भाकरी कुस्करत बसला. कारखाना बंद पडला तर पहिलं बोट त्याच्याकडेच वळणार होतं आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का एका लग्नाला लवकर गेल्या. मी एकटीच होते. कारखान्याच्या टाकीत एक मासा सकाळीच गेला होता. एक गेला तर चालतं. पण आता आणखी दोन पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते. एक तर कुशीवर पडायचा, पुन्हा सरळ व्हायचा, पुन्हा पडायचा. मी बघत राहिले. मला सारखा दादाचा भाकरी कुस्करणारा हात दिसत होता. दारात गाय आली, कुत्रं आलं तरी आधी पाणी पुढं करायचं असं आमच्या घरात. त्यातून आमचा मुलूख असा की पाणी मिळेना म्हणून ते रेल्वेनं आणावं लागलेलं आम्ही पाहिलंय. तडफडणाऱ्या जिवाला पाणी द्यायला हात आपोआप उठतो. पण नुसती दया होती असं मी म्हणणार नाही. मी साध्या पाण्याच्या बादलीतून तांब्या भरला आणि त्या टाकीत ओतला. मग दुसरा ओतला. पाणी टिकलीशी आल्यावर थांबले. टिकलीच्या वर गेलं तर कळेल, एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

रात्रभर मी स्वतःवर खूश होते. आता लिहिताना लाज वाटते, पण होते.

सकाळी अक्का आल्या, चपला काढल्या आणि नेहमीसारख्या दोन्ही टाक्यांपुढे वाकल्या. कारखान्याच्या टाकीतले नऊही मासे फिरत होते. मी वही घेऊन शेजारी उभी. अक्का बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग त्यांनी चांगल्या पाण्याच्या टाकीवर बोट ठेवलं, पाणी आणि टिकली यांच्यामधल्या जागेत. एक बोट मावलं. मग तेच बोट कारखान्याच्या टाकीवर ठेवलं. तिथं जागाच नव्हती. पाणी बरोबर टिकलीला लागून होतं.

"हा लातूरचा उन्हाळा हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन दिवसांत इकडचं बोटभर उडालं. तिकडचं कामून उडालं न्हाई?"

माझे कान तापले.

"किती घातलंस?"

"दोन तांबे."

"कामून?"

मग मी सगळं सांगितलं. दादाचं, तलावाचं, कालच्या माशाचं. रडत सांगितलं, रडण्यानं काही सुटेल असं वाटत होतं का, ते आता आठवत नाही. अक्कांनी मला पाणी दिलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. माझं संपेपर्यंत थांबल्या.

"मला सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मी तुला या टाकीपाशी बसवलंच नसतं. तुझ्यावर ही पाळी आली नसती." आणि थोड्या वेळानं, माशांकडे बघत म्हणाल्या, "ही बोटाएवढी पोरं चार दिवस उपाशी ऱ्हातेत ती आपल्याला काहीतरी सांगायला. तू त्यांचं तोंड दाबलंस बघ."

आयुष्यात मला पुष्कळ जण रागावलेत. मोठ्या आवाजात रागावलेत. पण ते वाक्य अजून जसंच्या तसं कानात आहे, आणि ते बोलताना अक्कांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

चाचणी रद्द झाली. का रद्द झाली ते अक्कांनी माझ्याच हातानं वहीत लिहायला लावलं: 'माझ्याकडून टाकीत साधं पाणी घातलं गेलं.' खाली माझी सही, तिच्या खाली अक्कांची. मालक भडकले. मुलीला आजच्या आज काढा म्हणाले. अक्का म्हणाल्या, "विचारल्याबरोबर खरं सांगितलं तिनं. असं माणूस काढून दुसरं कुठून आणणार? यापुढं या नमुन्याला ती हात लावणार न्हाई, एवढं बघते मी." त्यांनी बाजू घेतली म्हणून मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "जा, काचा धू."

दुसरा नमुना आणायला त्या स्वतः कारखान्यात गेल्या, भर उन्हात, रिक्षानं. तिथं काय झालं ते मला त्या संध्याकाळी जेवताना दादाकडून कळलं. तो भलताच खुशीत होता.

"तुमची अक्का आलती आज. लई साधी बाई. मी म्हन्लं, बाई, एकदा माझं काम तर बगा. ओटी करून दाखवली त्यांना."

ओटी म्हणजे खेड्यातल्या पाणी सोडणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असलेली तपासणी. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की टीसीएल पुरेसं पडलंय, पाणी पिण्याजोगं आहे. पांढरं राहिलं की गावाला जुलाब होणार. बारा वर्षं दादानं हेच बघितलं होतं. पिवळं म्हणजे चांगलं.

"पिवळं कसलं, केशरी झालं केशरी!" दादा सांगत होता. "तलावाचं झाल्यापासून म्या टीसीएल वाढवून टाकलंय. दोन पोते जास्तीचे लागून राहिले, पर लागू दे म्हन्लं. तू तपासणार, तुझ्यापुढं आपलं पाणी कसं निर्मळ पायजे."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. टीसीएल माणसाला वाचवतं ते बारीक जंतू मारून. माशाच्या कल्ल्याला तेच जाळतं. ते जागेवरच मोजावं लागतं, बाटलीत प्रयोगशाळेपर्यंत येईतो त्यातलं बरंच उडून जातं. आणि नेहमीचे नमुने कारखान्याचा माणूस आणून द्यायचा, जागेवर कुणी मोजतच नव्हतं. म्हणून कागदावर सगळे आकडे मर्यादेत. तलावातले मासे कशानं मेले ते मला त्या ताटावर बसून कळलं. आणि मेल्यावर दादानं आणखी पोती ओतली, माझ्यासाठी.

"मग? अक्का काय म्हणाल्या?" मी कसंबसं विचारलं.

"बगतच राहिल्या नळीकडं. मंग म्हन्ल्या, गावाला पानी तुमीच सोडत व्हता का? म्या म्हन्लं हाव, बारा वर्सं. म्हन्ल्या, लई लेकरं वाचवली असतील तुमी." दादाचे डोळे भरून आले होते. "आजवर असं कुनी म्हन्लं न्हवतं बग मला."

मी काही बोलू शकत नव्हते. चाचणी सुरू होती.

मासे चार दिवस जगले नाहीत. दुसऱ्या सकाळीच टाकीत फक्त दोन हलत होते. अहवाल गेला, खाली अक्कांची सही. सोबत त्यांनी एक पानभर पत्र जोडलं: पाण्यात क्लोरीन जास्त असावा, जागेवर मोजून बघा. पण पत्र कोण वाचतं. आठवडाभरात कारखान्याला कुलूप लागलं. मजूर घरी बसले, आणि मॅनेजरनं सगळ्यांदेखत दादाला विचारलं की तुला कुणी पाणीवाला केलं.

त्या दिवशी मला अक्कांचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी त्यांना तोंडावर विचारलं, "तुम्हाला तिथंच कळलं होतं. केशरी बघितलंत. दादाला तिथंच का सांगितलं नाही? वर लेकरं वाचवली म्हणून आलात."

"वाचवलीच हायत," अक्का म्हणाल्या. "ते काय खोटं बोलले मी? आणि तिथं सांगितलं असतं तर त्यानं टाकी रिकामी केली असती, दुसरं पाणी भरून दिलं असतं. चांगल्या मनानंच दिलं असतं, तुझ्यासारखं. मला ओढ्यात रोज जातं ते पाणी बघायचं होतं. आणि नोटिशीला नळीचा रंग चालत न्हाई, मासेच लागतेत." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "त्याला इकडं घेऊन ये. माझ्याकडून कळू दे त्याला."

दादा आला. दाराशीच उभा राहिला, टोपी हातात. अक्कांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा दिला. बर्फात राखून ठेवलेला, कारखान्याच्या पाण्यात मेलेला एक मासा त्यांनी बशीत काढला. जन्मात माशाला तोंड न लावलेल्या त्या बाईनं चिमट्यानं त्याच्या कल्ल्याचं झाकण उचललं. शेजारी चांगल्या टाकीतला, आपल्या मरणानं मेलेला एक होता, त्याचंही उचललं. चांगल्या टाकीतल्याचा कल्ला लालभडक, कारखान्याच्या पाण्यातल्याचा फिका, बुळबुळीत. "हा ह्याचा श्वास," त्या म्हणाल्या. "माणसाच्या पोटाला तुमचं पिवळं पाणी औषध हाय. ह्याला ते इथं लागतंय. त्याला पाणी प्यायचं नसतं, त्यातच ऱ्हायचं असतंय."

दादानं बशी डोळ्यांजवळ ओढली.

"मंग तळ्यातले बी..." तो म्हणाला.

"हाव," अक्का म्हणाल्या.

त्या 'हाव'भोवती मऊ असं काही गुंडाळलेलं नव्हतं. तुम्हाला काय माहीत, तुमची चूक नाही, असलं काही त्या बोलल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर दहा वाक्यं बोलले असते, सगळी गोड. पण दादा ज्या तऱ्हेनं मान हलवून उठला ते बघून मला वाटलं, त्याला ती गोड वाक्यं नकोच होती. माणूस समजून कुणीतरी त्याला खरं सांगितलं होतं.

तो तिथून थेट मॅनेजरकडे गेला आणि पोत्यांचं सगळं स्वतः सांगितलं. मग खालच्या गावात गेला, तलावावर जाळं टाकणाऱ्या माणसांना सांगितलं. त्यांनी त्याला शिव्या दिल्या आणि मग चहा पाजला. घरी येऊन तो जेवला आणि पहिल्यांदा लवकर झोपला. मॅनेजरनं त्याला काढलं नाही. कुलूप उघडायचं तर तेच पाणी नीट करणारा माणूस हवा होता. सुट्टीच्या दिवशी अक्का त्याच्यासोबत कारखान्यात जाऊन बसायच्या. टीसीएल बंद केलं, शेवटच्या टाकीत पाणी जास्त वेळ थांबवून हवा सोडायला लागले. साठलेलं पाणी ओढ्याजोगं झालं का, ते दादा त्यात दोनचार बोटुकली सोडून बघायचा. या कामाचं अक्कांनी काही मागितलं नाही. वैनीनं एकदा शेंगदाण्याच्या पोळ्या करून पाठवल्या, तेवढ्या मात्र हक्कानं ठेवून घेतल्या.

कारखान्याला तपासणीपुरती परवानगी मिळाली आणि तिसरा नमुना आला. माझ्या नांदेडच्या फेरीतले मासे होते, पण टाकीला मी हात लावला नाही. टिकली मात्र अक्कांनी माझ्याकडून लावून घेतली. "डोळे चांगले हायत तुझे," म्हणाल्या. "रेघेवर लाव."

चार दिवस मी घरी माशांबद्दल एक शब्द बोलले नाही आणि दादानं एकदाही विचारलं नाही. एका संध्याकाळी, चाचणी सुरू असतानाच, मी त्याला दोन तांब्यांचं, टिकलीचं आणि अक्कांच्या बोटाचं सांगून टाकलं. आपण एकमेकांसाठी काय काय करून बसलो ते दोघांनाही कळू दे, म्हणून. तो हसला नाही, चिडलाही नाही.

चौथ्या दिवशी वेळ भरायच्या थोडं आधी तो प्रयोगशाळेत आला. अक्का वही घेऊन बसल्या होत्या, मी सिंकपाशी काचा धूत होते. आतमध्ये मासे होते. कारखाना उघडणार की नाही, त्याची नोकरी राहणार की नाही, खालच्या गावचा तलाव पुन्हा भरेल तेव्हा त्यात काही जगेल की नाही, सगळं त्या काचेच्या आत फिरत होतं. दादानं माशांकडे बघितलंच नाही. तो गुडघ्यावर बसला, काचेला तोंड लावून टिकली शोधली आणि तिच्याखाली स्वतःचं बोट ठेवलं. मग शेजारच्या टाकीवर ठेवलं. दोन्हीकडे दोन-दोन बोटं मावली.

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं.

"खाली गेलंय," तो म्हणाला. "बरं झालं, माय."

मग अक्कांनी त्याला मासे मोजायला सांगितले, आणि तो मोठ्यानं मोजायला लागला. नऊ होते.